खुराड्याचे घर

विश्रांतीसाठी घेतलेल्या घराचा इतिहास लिहावा असे क्वचितच घडते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातले एक खोपट मात्र त्याला अपवाद आहे, असे आम्हांला वाटते. १९३५ साली प्राध्यापक आल्डो लिओपोल्ड यांनी नदीकाठची उजाड, रेताड शेती विकत घेतली. तेथे उभे होते ते केवळ कोंबड्यांचे जुने खुराडे. पत्नी एस्टेला व पाच मुलांसह त्यांनी त्यातील खत उपसले, चूल बांधली, नदीतून वाहून आलेल्या फळ्यांची बाकडी केली. सुट्टीत सारे कुटुंब तेथे राबे. वसंतात पाइनची रोपे लावावी, उन्हाळ्यात ती जपावी, असा क्रम. १९३६ च्या अवर्षणात बहुतेक रोपे करपली. पुढल्या वसंतात त्यांनी पुन्हा कुदळी उचलल्या. अशी हजारो झाडे उभी राहिली.

१९४८ साली शेजाऱ्याच्या शेतातील वणवा विझवताना लिओपोल्ड हृदयविकाराने निवर्तले. या भूमीवरचे त्यांचे पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. पाचही मुले निसर्गाच्या अभ्यासाकडे वळली. मुलांसाठी जमीन मागे ठेवण्याची चिंता आपण सारेच वाहतो. जमिनीसाठी अशी मुले मागे ठेवण्याची चिंता आपण कधी वाहणार?