जागल : संकेतस्थळांच्या राखणीचा अलीकडचा इतिहास



इतिहासाच्या व्याख्यानासाठी संकेतस्थळांचा विषय घ्यावा, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. परंतु ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला, त्याचे दप्तर कागदाइतकेच संगणकावरही उघडले जाते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशात राहिलेल्या या मराठी मुलखाच्या आठवणी, शाळांची छायाचित्रे, गुरुजनांच्या नोंदी याही हळूहळू त्याच जागी जाऊन बसत आहेत. संत्र्याच्या बगीच्यात फळ धरले की आपल्याकडे माणूस जागलीला जातो. या नव्या बगीच्याची जागल कोण करतो, एवढाच आजचा प्रश्न आहे.

१९९१ साली टिम बर्नर्स-ली यांचे पहिले संकेतस्थळ जगाला खुले झाले. त्यानंतर कित्येक वर्षे प्रत्येक पान हाताने लिहावे लागे. एक सूचना बदलायची तरी जाणकाराला गाठणे भाग पडे. मराठीत अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून ‘मायबोली’ सुरू केली ती १९९६ मधली. पुढे मजकूर एका कोठारात, सजावट दुसरीकडे आणि चालविणारी आज्ञावली तिसरीकडे, अशी वाटणी करणाऱ्या आशय-व्यवस्थापन प्रणाली आल्या. बेल्जियमच्या ड्रीस बॉयतार्ट यांचे ‘ड्रुपल’ जानेवारी २००१ मध्ये, तर ‘वर्डप्रेस’ २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध झाले. ‘मायबोली’ आणि ‘मिसळपाव’ ही स्थळे ड्रुपलवर उभी राहिली. संगणकाची भाषा न जाणणाऱ्याच्या हाती लेखणी आली, ही या प्रणालींची मोठी देणगी होय.

२००४ साली वर्डप्रेसने प्लगिनची सोय केली. मूळ आज्ञावली आटोपशीर ठेवावी आणि ज्याला जे हवे ते त्याने वरून जोडावे, ही कल्पना खरोखर सुंदर होती. परंतु तिच्या पोटात एक धोका होता. जोडलेल्या तुकड्याला बहुधा घरधन्याइतकेच अधिकार मिळतात. छायाचित्रे सरकविणाऱ्या क्षुल्लक प्लगिनमध्ये छिद्र असले, तरी चोर थेट माजघरात पोचतो. डिसेंबर २०१४ मध्ये ‘रिव्होल्यूशन स्लायडर’ या प्लगिनच्या वाटेने असेच झाले, आणि गूगलने अकरा हजारांहून अधिक स्थळांना धोक्याच्या यादीत टाकले. हे प्लगिन पुष्कळांनी स्वतः घेतलेलेच नव्हते. विकत घेतलेल्या सजावटीसोबत ते आले होते, त्यामुळे दुरुस्ती निघाल्याची सूचना त्यांच्यापर्यंत गेलीच नाही. आपल्या घराला मागचे दार आहे हे मालकालाच ठाऊक नव्हते!

त्याच वर्षीच्या दिवाळीआधीची एक रात्र मला अधिक बोलकी वाटते. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलने सातव्या आवृत्तीतील एका गंभीर दोषाची दुरुस्ती जाहीर केली. दोष होता माहितीच्या कोठाराशी बोलणाऱ्या भागात, आणि गंमत अशी की घातक आज्ञा रोखण्यासाठीच तो भाग रचला होता. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा-मंडळाने सांगितले की, दुरुस्ती निघाल्यापासून सात तासांत ज्यांनी ती बसविली नाही, त्यांनी आपले स्थळ फुटले असेच समजावे. ही मुदत भारतीय वेळेप्रमाणे पहाटे साडेचारला संपली. आपल्याकडचे बहुतेक राखणदार तेव्हा झोपेत असणार. दुरुस्ती प्रसिद्ध होते तेव्हा छिद्र कोठे होते हेही जाहीर होते, आणि ते वाचायला चोरही बसलेला असतो. म्हणून अपडेट ‘सवडीने करू’ हा विचार घातक ठरतो.

वर्डप्रेसने यावर एक उपाय काढला होता. ऑक्टोबर २०१३ पासून लहान दुरुस्त्या आपोआप बसू लागल्या. २६ जानेवारी २०१७ ला निघालेल्या दुरुस्तीत तर सर्वांत मोठा दोष काही दिवस मुद्दाम गुप्त ठेवला गेला, जेणेकरून तोवर लक्षावधी स्थळे आपोआप सुरक्षित व्हावीत. ज्यांनी ही सोय बंद केली होती किंवा ज्यांच्याकडे ती चालत नव्हती, त्यांची पाने मात्र फेब्रुवारीत मोठ्या संख्येने विद्रूप झाली.

शासकीय स्थळांची गोष्ट वेगळी आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र जिल्ह्यांसाठी एक सामाईक चौकट पुरविते. जिल्ह्याने मजकूर भरायचा, डागडुजी केंद्राने पाहायची. शाळा आणि माजी विद्यार्थी मंडळांना असा वाली नाही. त्यांच्या पदरी असतो एखादा उत्साही तरुण.

अशाच एका मंडळाच्या कामात मी होतो. स्थळ उभारणारा तरुण नोकरीसाठी पुण्याला गेला. पासवर्ड एकच आणि तो तिघांना ठाऊक. न वापरलेली प्लगिने तशीच पडून होती. दोन वर्षे अपडेट नाही. एके दिवशी एका माजी विद्यार्थिनीने कळविले की, शोधयंत्रात शाळेचे नाव घातले की औषधांच्या जाहिराती उघडतात. आम्ही थेट पत्ता घालून पाहिले तर सारे ठीक दिसले, म्हणून आठवडाभर आम्ही तिचे म्हणणे खरे मानले नाही. चोरांनी फक्त शोधयंत्रातून येणाऱ्यांनाच वळविले होते, हे मागाहून समजले. बॅकअप होता, पण त्याच सर्व्हरवर. तोही दूषित झालेला. प्रत वेगळ्या जागी हवी, प्रत्येकाची किल्ली वेगळी हवी, पासवर्डबरोबर मोबाइलवर येणारा दुसरा संकेत हवा, हे सारे आम्ही तेव्हा शिकलो.

जुन्या तुकड्यांची छायाचित्रे परत मिळाली, कारण मूळ अल्बम कपाटात होता. त्यांखालची नावे मात्र एका वृद्ध गुरुजींनी आठवून सांगितलेली होती आणि ती फक्त संकेतस्थळावर टंकली होती. गुरुजी त्याआधीच्याच वर्षी वारले. त्या छायाचित्रांतल्या मागच्या दोन रांगांतली मुले आता बिननावाची उभी आहेत. आज सभागृहात कोणी त्यांना ओळखणारे असेल, तर व्याख्यानानंतर अल्बम बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे.