काडी मोडल्यानंतर

माझी आजी ‘घटस्फोट’ म्हणायची नाही. ‘त्यांची काडीमोड झाली’ म्हणायची. पंचांसमोर काडी मोडली की नातं तुटलं. ज्या जातींत ही रीत होती, तिथल्या बाईला निदान पुन्हा पाट लावता यायचा. ब्राह्मण घरात तेवढीही वाट नव्हती. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ साली झाला, देशभर १९५५ साली. परस्परसंमतीची सोय यायला १९७६ उजाडलं.

या साऱ्यात मुलांना कुणी विचारत नव्हतं. १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समुपदेशकाला कोर्टात जागा दिली आणि १९८९ साली पुण्या-मुंबईत ही न्यायालयं सुरू झाली. पुढे मीही समुपदेशकाच्या खुर्चीवर बसले. सुरुवातीला मला वाटायचं, आपलं काम म्हणजे संसार सांधणं. ती समजूत एका सात वर्षांच्या मुलाने मोडली.

शर्टाची कॉलर चावत तो खेळण्यातली गाडी टेबलाच्या कडेपर्यंत नेई, परत आणी. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, “मी बाबांचा चष्मा फोडला म्हणून ते गेले का?”

मी त्याच्या आईवडिलांना दोघांनाही आत बोलावलं. पोटगीचा विषय त्या दिवशी काढलाच नाही. वडील जमिनीवर बसले, खिशातला चष्मा काढून त्याच्या हातात दिला. “हा बघ, नवीन काच बसवली. मी गेलो ते त्यामुळे नाही रे.” आई म्हणाली, “आमचं दोघांचं पटलं नाही, राजा. तुझं काही चुकलं नाही.”

मुलाने काचेवरून बोट फिरवलं आणि कॉलर तोंडातून सोडली.