चिकित्सक विचार, कार्यस्थळातील

समोर आलेले विधान, आकडा किंवा निर्णय मान्य करण्यापूर्वी त्याचा आधार तपासण्याची शिस्तबद्ध रीत. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी 1910 मध्ये ‘हाउ वुई थिंक’ या ग्रंथात शिक्षणाच्या अंगाने तिची मांडणी केली. उणेदुणे काढण्याशी तिचा संबंध नाही.

टोयोटात ताइइची ओनो यांनी यंत्र बंद पडले की लागोपाठ पाच वेळा ‘का?’ विचारण्याची सवय कामगारांना लावली. त्यांच्या प्रसिद्ध उदाहरणात फ्यूज उडतो. पण शोध घेत गेल्यावर दोष सापडतो तो वंगणाच्या पंपाला गाळणी नसण्यात. नुसता फ्यूज बदलला असता, तर तो पुन्हा उडाला असता.

या कौशल्याअभावी काय घडते, हे अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाच्या दुर्घटनेत स्पष्ट दिसते. 27 जानेवारी 1986 च्या रात्री मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी थंडीमुळे उड्डाण पुढे ढकलण्याचा सल्ला ‘नासा’ला दिला. अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडी थंडीत ताठर होते, ही त्यांची भीती रास्त होती. मात्र चर्चा फिरत राहिली ती कड्यांना इजा झालेल्या उड्डाणांभोवतीच. त्यांतले एक उबदार हवेतले असल्याने थंडीचा दोष सिद्ध होत नाही, असे वाटले. इजा न झालेली उड्डाणे कोणी विचारात घेतली नाहीत. ती घेतली असती, तर चित्र लख्ख होते: 66 अंश फॅरनहाइट व त्याहून अधिक तापमानाच्या 20 उड्डाणांपैकी 3 मध्ये इजा, 63 अंश व त्याखालील चारही उड्डाणांत इजा. शेवटी थायोकोलच्या व्यवस्थापनाने सल्ला फिरवला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान नष्ट होऊन सातही अंतराळवीर दगावले.

त्या रात्रीच्या चर्चेत हुशारी वा अनुभव यांची वाण नव्हती. ‘या तक्त्यात काय नाही?’ हा प्रश्न आपसूक सुचत नाही, तो विचारायला शिकावे लागते; म्हणून या कौशल्याचे रीतसर प्रशिक्षण आवश्यक ठरते. शिवाय धोक्याची सूचना देणाऱ्याकडेच पुरावा मागायचा आणि ‘सुरक्षित आहे’ म्हणणाऱ्याला मोकळे सोडायचे, ही प्रथा वरिष्ठांनी मोडली पाहिजे. नाहीतर प्रशिक्षण वाया जाते.