अंधाधुन : डोळस आंधळ्याची रहस्यकथा

हिंदी रहस्यपटांत खुनी कोण, याचे उत्तर बहुधा शेवटच्या रिळापर्यंत राखून ठेवले जाते. श्रीराम राघवन यांनी ‘अंधाधुन’मध्ये हा संकेत उलटा केला. खून कोणी केला हे प्रेक्षकांना मध्यंतराच्या बरेच आधी कळते. ज्याने तो पाहिला त्याला बोलता येत नाही, हा खरा पेच आहे. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाच्या शेवटाबद्दलचे मतभेद आजही मिटलेले नाहीत. (चित्रपट न पाहिलेल्यांनी पुढील मजकूर जपून वाचावा.)

कथानक

कथा पुण्यात घडते. आकाश (आयुष्मान खुराणा) हा पियानोवादक संगीतावर चित्त एकाग्र व्हावे म्हणून आंधळेपणाचे सोंग घेऊन जगत असतो. जुन्या काळचे नट प्रमोद सिन्हा (अनिल धवन) लग्नाच्या वाढदिवशी पत्नी सिमीला (तब्बू) चकित करण्यासाठी त्याला घरी वादनास बोलावतात. आकाश पोहोचतो तेव्हा सिन्हांचा मृतदेह जमिनीवर पडलेला असतो आणि सिमीचा प्रियकर घरातच लपलेला असतो. जीव वाचवायचा तर काही दिसलेच नाही, असे भासवत पियानो वाजवत राहणे भाग असते. तक्रार देण्यासाठी तो पोलीस ठाण्यात जातो, तर तो प्रियकर तेथे पोलीस अधिकारी म्हणून समोर उभा ठाकतो!

सोंग उघडे पडल्यावर सिमी त्याला विष देते आणि आकाशची दृष्टी खरोखरच जाते. पुढे अवयवांचा व्यापार करणारा डॉक्टर कथेत शिरतो आणि शिकारी व सावज यांच्या जागा वारंवार बदलत राहतात.

मूळ कल्पना

ऑलिव्हिए त्रेनेर यांच्या ‘लाकोर्दर’ (पियानो जुळवणारा) या फ्रेंच लघुपटावर चित्रपटाचे बीज बेतलेले आहे. या लघुपटाला २०१२ मध्ये सेझार पुरस्कार मिळाला होता. कन्नड दिग्दर्शक हेमंत राव यांनी तो राघवन यांच्या नजरेस आणला. जेमतेम पाव तास चालणाऱ्या त्या लघुपटातील एका प्रसंगाभोवती सव्वादोन तासांहून अधिक लांबीची पटकथा उभी राहिली. राघवन आणि अनिल धवन हे दोघेही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. धवन यांनी सत्तरच्या दशकातील स्वतःच्याच प्रतिमेवर खेळकर भाष्य करणारी भूमिका केली. ‘छायागीत’ व ‘चित्रहार’ या दूरदर्शनच्या कार्यक्रमांना चित्रपट अर्पण केलेला आहे.

खुराणा यांनी यासाठी पियानोवादनाचे धडे घेतले. संगीत अमित त्रिवेदी यांचे, तर छायाचित्रण के. यू. मोहनन यांचे आहे. अश्विनी काळसेकर, राधिका आपटे आणि लॉटरीविक्रेतीच्या भूमिकेतील छाया कदम या मराठी अभिनेत्रींचा वाटाही लक्षणीय आहे.

शेवटाचे कोडे

अखेरीस युरोपातील एका शहरात भेटलेल्या मैत्रिणीला आकाश आपली कहाणी सांगतो. आंधळ्या सशामुळे मोटारीला अपघात झाला, सिमी मेली आणि आपण वाचलो, असे तो म्हणतो. निघताना मात्र वाटेतील डबा तो काठीने अचूक उडवतो. काठीची मूठ सशाच्या डोक्याच्या आकाराची आहे. म्हणजे सिमीचे डोळे घेण्याचा डॉक्टरांचा प्रस्ताव त्याने स्वीकारला का? तसे असेल, तर आपण पाहिलेला उत्तरार्ध ही एका सराईत खोटारड्याची साक्ष ठरते. ज्याच्या जिवासाठी प्रेक्षक दोन तास कासावीस झाले, तो निरपराध होता की नाही, हा प्रश्न चित्रपट जाणीवपूर्वक अनुत्तरित ठेवतो. रहस्याचे धागेदोरे जुळूनही मन स्वस्थ होत नाही, ते यामुळेच.

सन्मान आणि प्रतिसाद

२०१९ मध्ये जाहीर झालेल्या ६६व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘अंधाधुन’ सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला. पटकथेलाही (रूपांतरित) गौरविण्यात आले. खुराणा यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार विकी कौशल यांच्यासह विभागून मिळाला. एप्रिल २०१९ मध्ये चीनमध्ये प्रदर्शित झाल्यावर तेथे चित्रपटाने ३०० कोटी रुपयांहून अधिक गल्ला जमवला. पुढे तेलुगूत ‘माएस्ट्रो’ (२०२१), मल्याळममध्ये ‘भ्रमम’ (२०२१) आणि तमिळमध्ये ‘अंधगन’ (२०२४) अशा त्याच्या आवृत्त्या निघाल्या.