पाण्यातला किरणोत्सर्ग : केंब्रिजचा नळ ते गंगापूरचा बोअर

विसाव्या शतकाच्या आरंभी जे. जे. थॉमसन यांनी केंब्रिजच्या नळाचे साधे पाणी तपासले. त्यातून निघालेला वायू किरणोत्सर्गी होता. खडकातील युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून हा वायू तयार होतो व भूजलात मिसळतो. त्याला आपण आज रेडॉन म्हणतो.

या शोधाने युरोपातील स्नानतीर्थांचे मोठेच काम झाले. झऱ्याच्या पाण्यात विशेष खनिजे नसतानाही ते गुणकारी कसे, या जुन्या प्रश्नाला ‘किरणोत्सर्ग’ हे नवे, शास्त्रीय वाटणारे उत्तर मिळाले. जोआखिम्सथाल येथे तर रेडियम-स्नानाची व्यवस्थाच उभी राहिली. अमेरिकेत पाणी किरणोत्सर्गी करणारी घरगुती भांडी विकली गेली. पुढे रेडियम मिसळलेले ‘रेडिथॉर’ आले. ते वर्षानुवर्षे पिणारे उद्योगपती एबेन बायर्स १९३२ साली जबड्याची हाडे झिजून मरण पावले. तेव्हा कुठे या वेडाला ओहोटी लागली.

ही लाट मुंबई इलाख्यातही पोहोचली होती, मात्र प्रयोगशाळेच्या वाटेने. सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे जेसुइट प्राध्यापक स्टायकेन यांनी पंचमहालातील टुवा येथील उन्हाळ्यांच्या किरणोत्सर्गातील चढउतार मोजले. त्यांचा निबंध १९१६ मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापून आला. वज्रेश्वरी-गणेशपुरीची किंवा किनवट तालुक्यातील उनकेश्वरची कुंडे लोकांनी त्याच्या कितीतरी आधीपासून औषधी मानली होती. त्यासाठी त्यांना रेडॉनची गरज भासली नव्हती.

आता गंगापूर. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी, कायगाव-टोक्याजवळ प्रवरेचा संगम, आणि पायाखाली सर्वत्र काळा पाषाण. दख्खनचा हा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात युरेनियम दहा लाखांत साधारण एक भाग किंवा त्याहूनही कमी असते. ग्रॅनाइटमध्ये ते तीन-चार भाग सापडते. म्हणून फिनलंडच्या ग्रॅनाइटमधील खोल विहिरींना रेडॉन व युरेनियम या दोहोंचा प्रश्न भेडसावतो, तसा तो येथे सहसा उद्भवत नाही. मराठवाड्यातच पूर्वेकडे, नांदेडच्या देगलूर-बिलोली भागात, बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट वर येतो. एकाच प्रदेशात पाण्याची जात बदलते ती अशी.

तरीही ‘बेसॉल्ट आहे, काळजी नाही’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाडा आडा-बारवांकडून बोअरकडे वळला. उघड्या विहिरीत रेडॉन हवेत निघून जातो. शिवाय त्याचे अर्धायुष्य अवघे ३.८ दिवस. बोअरचे पाणी थेट नळाला आले, तर ती उसंत मिळत नाही. युरेनियमचे तर वेगळेच आहे. ते उडून जात नाही, पाणी उकळल्यावर उलट त्याचे प्रमाण वाढते, आणि त्याचा पहिला आघात किरणोत्सर्गाने नव्हे, तर रासायनिक विषारीपणाने मूत्रपिंडांवर होतो.

किती युरेनियम चालेल, याचाही एक इतिहास आहे. जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे १९९८ मध्ये २ मायक्रोग्रॅम, २००४ मध्ये १५ आणि २०११ मध्ये ३० अशी मर्यादा सुचवली. भारताच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा ६०. म्हणजे ४० मायक्रोग्रॅमचे पाणी एका कागदावर घातक, दुसऱ्या कागदावर चालण्याजोगे! २०१८ मध्ये राजस्थान व गुजरातच्या भूजलावरील संशोधनाने ही तफावत देशभर चर्चेत आणली. उपसा वाढून पाण्याची पातळी खाली गेली की भूगर्भातील ऑक्सिजन आणि बायकार्बोनेट यांचे गणित बदलते, आणि एरवी खडकाला चिकटून असलेले युरेनियम विरघळू लागते, हे त्याच अभ्यासाने मांडले.

उपशाची ही कथा गंगापूरलाही परकी नाही. नाथसागराचे फुगवट्याचे पाणी तालुक्याच्या दक्षिण कडेला आहे. नदीपासून दूरच्या गावांत मात्र उन्हाळ्यात बोअरच आधार. तेथील पाण्यात आधी शोधायचे ते नायट्रेट आणि फ्लोराइड. युरेनियमची तपासणी त्यानंतरची, पण यादीत ती असायला हवी.