चाकांची खतावणी

इंजिनाला एकंदर दहा चाकं आहेत, एवढंच कुणी सांगितलं तर त्यातून काय कळतं? आमच्या मते काही नाही. शाखेत दहा माणसं आहेत म्हटल्यावर काम करणारी किती, हे कुठं कळतं? तसंच ते.

अमेरिकन रेल्वेवाल्यांचं मात्र बरीच वर्षं यावर भागत होतं. त्यांच्याकडे ‘टेन-व्हीलर’ नावाचं इंजिन होतं, म्हणजे दहा चाकांचं. दुसरं होतं ‘कन्सॉलिडेशन’. त्यालाही चाकं दहाच! १८६६ साली ते तयार झालं तेव्हा रेल्वे कंपन्यांचं एकत्रीकरण चाललं होतं, म्हणून हे नाव. बारशाच्या दिवशी घरात जे चाललं होतं ते पोराला चिकटलं, इतकंच.

शेवटी न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेतल्या फ्रेडरिक व्हाइट या इंजिनिअरने १९०० साली सरळ तीन रकाने आखले. पुढची चाकं, मधली चाकं, मागची चाकं. पुढची वळणावर इंजिनाला रुळाला धरून नेतात, मागची भट्टीचा भार पेलतात आणि गाडी ओढतात ती मधली. आता टेन-व्हीलर झालं ४-६-० आणि कन्सॉलिडेशन २-८-०. बेरीज तीच, पण ओढणारी एकात सहा, दुसऱ्यात आठ. कोळशापाण्याच्या टेंडरची चाकं धरायचीच नाहीत. तो निराळा खातेदार.

या पद्धतीतलं आम्हाला सगळ्यात आवडतं ते शून्य. मागे चाकं नाहीत, तर रकाना मोकळा सोडायचा नाही, ‘निरंक’ लिहायचं! मोकळ्या रकान्यात पुढे कोण काय भरील याचा नेम नसतो, हे व्हाइटसाहेबाला कुठल्याही बँकेत न बसता कळलं होतं. फ्रेंच लोक चाकं न मोजता आस मोजतात. त्यांच्याकडे ४-६-२ चं होतं २-३-१. चाकं जोडीनेच येणार, मग निम्मी शाई वाचली.

आपल्याकडे १९४७ साली आलेलं डब्ल्यूपी आठवा. बंदुकीच्या गोळीसारखं नाक, त्यावर चांदणी. हे ४-६-२, मेल-एक्स्प्रेस ओढणारं. त्याचा भाऊ डब्ल्यूजी २-८-२, मालगाडीचा. चाकं दोघांनाही बारा. पण पॅसेंजरवाल्याची सहा ओढणारी चाकं साडेपाच फुटांहून उंच, एका फेऱ्यात लांब पल्ला मारणारी. मालवाल्याची आठ आणि बुटकी. वजन त्यांच्यावर जास्त पडतं, रुळावर पकड जास्त बसते आणि चाकं घसरत नाहीत. कष्टाची कामं बुटक्यांकडेच का येतात, हे आमच्या उंचीच्या माणसाने विचारू नये.

या २-८-२ ला ‘मिकाडो’ म्हणत, कारण १८९७ साली बाल्डविन कंपनीने तसली इंजिनं जपानला दिली होती. पुढे १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि काही अमेरिकन रेल्वेंनी रातोरात त्याचं ‘मॅकआर्थर’ करून टाकलं! इंजिन मात्र २-८-२ च राहिलं.

१९६२ पासून डिझेलचं डब्ल्यूडीएम-२ आलं. चाकं पुन्हा बाराच, पण ओळख ‘को-को’. हा खो-खोचा प्रकार नव्हे. ‘सी’ म्हणजे तीन आस आणि ‘ओ’ म्हणजे प्रत्येक आसाला स्वतंत्र मोटर. बारापैकी बाराही चाकं ओढणारी! आमच्या युनियनने हे एक दिवस चालू दिलं नसतं.