भंडाऱ्याचे दुसरे मत



मागच्या आठवड्यात अमेरिकेतल्या पुतणीने फोनवर विचारले, "काका, लिंकन ज्या पक्षाचा, त्याच पक्षाला आज इथले बहुतेक काळे लोक मत देत नाहीत. हे उलटे कसे झाले?" प्रश्न चांगला आहे. गुलामगिरी मोडली ती रिपब्लिकन पक्षाच्या राजवटीत, आणि दक्षिणेतले गोरे मालक होते डेमोक्रॅटिक पक्षाचे. पुढे १९३०च्या दशकात, रूझवेल्टच्या काळात काळे मतदार डेमोक्रॅटांकडे वळले. १९६४ साली जॉन्सनने नागरी हक्कांचा कायदा केला आणि दक्षिणेतले गोरे हळूहळू रिपब्लिकनांकडे सरकले. दुकानाच्या पाट्या त्याच राहिल्या, आतला माल मात्र बदलला. तिला म्हटले, बाई, एवढ्या लांब कशाला जातेस? तुझ्या माहेरचा भंडारा जिल्हा बघ की. तिकडे वंश, इकडे जात, एवढाच फरक.

तर गोष्ट १९५४ सालची. तेव्हा आपण जुन्या मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूर. भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक लागली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उभे राहिले. मी तेव्हा अगदीच लहान, त्यामुळे आठवण माझी नाही, मोठ्यांच्या तोंडून ऐकलेली. भंडारा तेव्हा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला द्यायची नाहीत. म्हणजे राखीव जागेवर कोण जाणार हे ठरवायला जिल्ह्यातले सगळेच मतदार, आणि त्यात बहुसंख्य सवर्ण. १९३२च्या पुणे करारातल्या संयुक्त मतदारसंघाबद्दल बाबासाहेबांची जी तक्रार होती, ती इथे डोळ्यांसमोर दिसत होती.

सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. १९५२ मध्ये मुंबईतही हीच जोडी एकत्र लढली आणि दोघेही पडले होते. तिथे मते जाणूनबुजून कुजवली गेली अशी तक्रार घेऊन दोघे निवडणूक न्यायाधिकरणापर्यंत गेले होते. भंडाऱ्यात फेडरेशनच्या काही कार्यकर्त्यांनी उलट सुचवले की आता आपल्या लोकांनी दुसरे मत कुजवावे. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. ज्याने घटना लिहिली त्याने मत वाया घालवा असे कसे सांगायचे? निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून अधिक मतांनी पडले. दलितांचे दुसरे मत मेहतांना मिळाले, मेहतांच्या सवर्ण मतदारांचे दुसरे मत मात्र सगळेच इकडे आले नाही, असेच आमच्याकडचे जुने लोक सांगत. हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा.

आता याच काँग्रेसचा आधीचा हिशेब बघा. १९४६ मध्ये तिने बाबासाहेबांना विरोध केला, म्हणून त्यांना संविधान सभेत बंगालमधून जावे लागले. फाळणीने ती जागा गेली, तेव्हा १९४७ मध्ये त्याच काँग्रेसने मुंबईतून त्यांना निवडून पाठवले. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलावरून त्यांनी मंत्रिपद सोडले. १९५२ मध्ये मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यात त्यांच्याविरुद्ध पुन्हा काँग्रेसचाच उमेदवार. आठ वर्षांत किती वळणे!

त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धर्मांतर झाले. पवनीच्या आसपासचेही कितीतरी लोक बौद्ध झाले. आणि इथे एक प्रश्न उभा राहिला जो आम्हा मास्तरांच्या टेबलावर येऊन पडायचा. मूल शाळेत घालायला आलेला बाप विचारायचा, "गुरुजी, दाखलखारीजमध्ये काय लिहू, बौद्ध की महार?" १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. पण केंद्राच्या नोकरीत 'बौद्ध' चालत नव्हते. तिथे तीस वर्षे थांबावे लागले. १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारने तो अडथळा काढला. त्याच वर्षी बाबासाहेबांना भारतरत्न मिळाले, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागले. त्या सरकारला बाहेरून पाठिंबा होता एकीकडे डाव्यांचा आणि दुसरीकडे भाजपचा. या तीस वर्षांत आईबाप रजिस्टरमध्ये एक लिहीत आणि घरात दुसरे मानत. मनाने सोडलेली जात पोराच्या नोकरीसाठी कागदावर धरून ठेवायची! या दुःखाबद्दल कुठल्याच पक्षाला कधी बोलताना मी ऐकले नाही.

शिवसेनेची कथा आणखी वेगळी. २७ जुलै १९७८ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. सेनेने नामांतराला कडाडून विरोध केला. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. आणि २०११ मध्ये त्याच सेनेने रामदास आठवल्यांच्या रिपब्लिकन पक्षाबरोबर शिवशक्ती-भीमशक्तीचा घाट घातला! पुढे आठवले भाजपबरोबर गेले आणि केंद्रात मंत्री झाले. संघातही बाळासाहेब देवरसांनी १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत अस्पृश्यतेविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. आधी ती इतकी स्पष्ट कुणी ऐकली नव्हती.

बदलले नाही असे कोणी आहे का? बाबासाहेबांचा स्वतःचा पक्षही बदलला. १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष कामगार-शेतकऱ्यांचा, १९४२ चे फेडरेशन अनुसूचित जातींचे, आणि त्यांच्या पश्चात १९५७ मध्ये नागपुरात निघालेला रिपब्लिकन पक्ष पुन्हा सगळ्या शोषितांचा, निदान कल्पनेत तरी. पण एक फरक मला वाटतो. त्यांना मजुरांच्या नावावरून जातीच्या नावावर यावे लागले ते सत्तेच्या वाटाघाटीत आपल्या माणसांना जागा मिळावी म्हणून. बाकीचे पक्ष मतांची बेरीज बघून आले. हे काही पक्ष्यांचे स्थलांतर नाही की ऋतू बदलला म्हणून सगळे एकाच दिशेने निघाले. ज्याला जेव्हा मते लागली तेव्हा तो आला.

म्हणून मी नाक मुरडतो असे मात्र समजू नका. चव्हाण सरकारच्या सवलतींमुळे माझ्या वर्गातली मुले कॉलेजात गेली, इंजिनिअर झाली. ते सरकार मतांसाठी वळले की मनापासून, हे त्या मुलांनी विचारत बसावे असे मला कधी वाटले नाही.

२०२४ मध्ये काँग्रेसने संविधानाचे पुस्तक हातात धरून प्रचार केला आणि भंडारा-गोंदियाची जागा जिंकली. सत्तर वर्षांपूर्वी याच पक्षाने याच भागात ते लिहिणाऱ्याला पाडले होते. पुतणीला हे सांगितले तर ती म्हणाली, "मग तेव्हाच्या लोकांना आता काय वाटत असेल?" ते लोक आता फार थोडे राहिलेत. आपल्यापैकी कोणाच्या आजीआजोबांनी त्या पोटनिवडणुकीत मत टाकले असेल, दुसरे मत कोणाला दिले हे घरात सांगितले असेल, तर जरूर लिहून कळवा.